आतल्या बाजूची चार भोकं

प्रिय ठेवते,

माझं सगळं बदललं ते या मंगळवारी, दुपारी सव्वातीनला. तुझ्या खोलीचं दार दोन स्टुलांवर आडवं पडलं होतं, मी गुडघे टेकून त्यावरचा भुगा फुंकत होतो, आणि तुझ्या आईनं ओले हात पुसत येऊन त्या दाराबद्दल एक साधी गोष्ट सांगितली. ती काय, ते पुढे येईलच. आधी तू डोळे मोठे करून विचारशील, हा आमच्या घरात शिरला कसा. बिजागऱ्या काढायला शिरलो, बाई. तुमच्या घरची पाचही दारं मीच केली आहेत. आत्ता हे लिहितोय तेही तुझ्याच खोलीत, जमिनीवर, भिंतीला पाठ टेकून. दाराच्या बाहेरच्या अंगाला रंगाचा शेवटचा हात दिलाय. तो सुकेपर्यंत दार लावता येत नाही, आणि दार लागल्याशिवाय मला जाता येत नाही. कागद तुझ्या बाबांनी दिले, त्यांच्या ऑफिसातले पाठकोरे. बिल लिहायचंय असं मी म्हणालो. त्यांनी आठ कागद मोजून दिले आणि एवढं मोठं बिल होणार असेल तर आधीच सांगायचं होतंस, म्हणाले.

वरच्या नावावरून तोंड वाकडं करू नकोस. फोनवर दर पाचव्या मिनिटाला ‘ठेवते’ म्हणणाऱ्या मुलीला दुसरं काय म्हणायचं, असं मी तेव्हा सगळ्या वर्गाला सांगत फिरायचो. आता ते लिहिताना कान गरम होतात, पण दुसऱ्या नावानं सुरुवात केली असती तर पत्र भलत्याच माणसाचं वाटलं असतं तुला. आपलं शेवटचं बोलणं मला शब्दन् शब्द पाठ आहे. ‘पुन्हा ठेवते म्हणालीस तर कायमचाच ठेव,’ असं मी म्हणालो होतो. तू ठेवलास. दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकलला सर म्हणाले, लक्ष कुठाय तुमचं, आणि मागून कुणीतरी तुझं नाव घेतलं. एक बाक उलटा झाला. तो माझ्याच हातून झाला. ऑफिसनं माफीचं पत्र मागितलं, फक्त दोन ओळींचं. ते मी लिहिलं नाही आणि कॉलेजच्या फाटकातून जो निघालो तो थेट मामाच्या दुकानात जाऊन बसलो.

मामा माझा रंगाचीही कामं करतो आणि सुतारकीचीही, आणि दोन्ही करताना बोलत असतो. त्यानं मला काही विचारलं नाही. पॉलिशपेपर हातात दिला आणि एक जुनं कपाट दाखवलं. मी असा घासायला लागलो की अर्ध्या तासात तीन कागद फाटले. मामा म्हणाला, कपाटानं तुझं काय वाकडं केलंय? हात हलका ठेव, काम कागदाला करू दे. पहिले चार महिने मी फक्त घासलं. खरं सांगू का, मजा यायला लागली. खरखरीत जागेवरून हात फिरवत जायचं आणि एकदम ती जागा हाताला लागेनाशी होते, ते मला फार आवडतं. आता दीड वर्ष झालं. भेगा बुजवायची लांबी भरतो, पट्ट्या कापतो, रंग मारतो, आणि दिवसाच्या शेवटी काय झालं ते डोळ्यांना दिसतं. कॉलेजात तसं कधी दिसलं नव्हतं.

तर गेल्या आठवड्यात मामानं तुमचा पत्ता माझ्या हातात ठेवला आणि हे काम तू एकट्यानं कर, म्हणाला. माझं पहिलं एकट्याचं काम. तेव्हाच सांगायला हवं होतं की हे घर सोडून दुसरं कुठलंही दे. तुमच्या समोरच्या सायकलच्या दुकानाशी उभा राहून, तुमच्या बाल्कनीकडे बघत मी इतक्या वेळा हवा भरली आहे की टायर अजून कसे फुटले नाहीत याचं त्या दुकानदारालाही नवल वाटतं. पण मी सांगितलं नाही. तू परगावी असतेस हे ठाऊक होतं, तरी मला तुझी खोली बघायची होती. दुसरा काहीही थोर विचार मनात नव्हता.

अडचण एकच होती, माझा आवाज. तुझ्या बाबांनी मला कधी पाहिलं नव्हतं, पण ऐकलं होतं. आठवतं, एकदा तुझा फोन त्यांनी उचलला आणि तूच आहेस समजून मी पुरतं दीड मिनिट खेकसत राहिलो? म्हणून मी ठरवलं की त्यांच्यासमोर तोंड उघडायचं नाही. विचारलेल्या सगळ्याला मान हलवायची. दारं कशी करायची तेसुद्धा मी त्यांना दारावरच पेन्सिलीनं काढून दाखवलं. दुसऱ्या दिवशी तुझी आई शेजारच्या काकूंना सांगताना ऐकलं की मुलगा कामाला चोख आहे हो, पण बिचारा मुका आहे बहुतेक. मी तिथेच बसून पट्ट्या कापत होतो. हसू आवरताना एक कोपरा वाकडा गेला.

तुमची दारं तुला माहीत आहेतच. सपाट, आतून पोकळ, कडेनं तेवढं लाकूड, आणि मूळचा पांढरा रंग आता जुन्या वर्तमानपत्रासारखा झालेला. नव्या दारांचा भाव ऐकून तुझे बाबा म्हणाले होते की त्यापेक्षा पडदे लावून राहू. मामाची रीत स्वस्तातली आहे. दार तेच ठेवायचं. त्यावर बारीक गोलाईच्या पट्ट्यांचे दोन चौकोन चिकटवायचे, वरचा लांब, खालचा आखूड. उलटं केलं तर दार बसकं दिसतं. सांध्यात लांबी भरायची, घासायचं, प्रायमर, मग रंगाचे दोन हात. मुठीसुद्धा जुन्याच, साबणाच्या गरम पाण्यात उकळून घासल्या की चकाकतात. बघणाऱ्याला वाटतं, भारी लाकडाची कोरीव दारं आहेत. तुझे बाबा मात्र बघणाऱ्यातले नाहीत. जन्मभर दुकानदारांची वजनं आणि मापं तपासलेला माणूस. पहिला चौकोन चिकटवला तोच खिशातून स्वतःची टेप काढून आले आणि म्हणाले, डावीकडे दोन मिलिमीटर जास्त आहे. मी मान हलवली. खरंच होतं.

आता माझा घोळ ऐक. मामानं बजावून सांगितलं होतं की दारं एका वेळी एकच उतरव. पाचही उतरवलीस तर वरच्या कडेवर नंबर घाल, तिथे रंग लागत नाही. एकेक दार आपापल्या वाकड्या चौकटीप्रमाणे रंध्यानं तासलेलं असतं, ते दुसरीकडे बसत नाही. मी शनिवारी पाचही उतरवली, कारण मला सगळं एकदम करायचं होतं, आणि नंबर घातले ते दारांच्या तोंडावर. सोमवारी सगळी घासली. छान गुळगुळीत केली. नंबरांसकट.

त्यामुळे तुमचं घर पाच दिवस बिनदारांचं राहिलं. न्हाणीघराला चादर लावली होती. तुझे बाबा आत जाताना खोकायचे आणि आत गेल्यावरही खोकत राहायचे. तुझी आई गुणगुणायची. बाबांना कळलं की त्यांच्या मागे आई शेजारच्या काकूंना त्यांची नक्कल करून दाखवते, हुबेहूब. आईला कळलं की साखर बंद असलेला माणूस स्वयंपाकघरात जाऊन डब्यात चमचा कसा घालतो. मी मध्ये बसून पट्ट्या चिकटवत होतो. एवढं करमणुकीचं काम मी आजवर केलं नव्हतं.

मंगळवारी कुठलं दार कुठलं ते ओळखायला बसलो. न्हाणीघराचं सोपं, ते खालून पाण्यानं फुगलेलं. स्वयंपाकघराच्या दाराला घासूनही तेलाचा वास येत होता. आईबाबांच्या दाराला पिशवी अडकवायचा खिळा होता. राहिली दोन, तुझ्या खोलीचं आणि अडगळीच्या खोलीचं. त्यातल्या एकाच्या आतल्या बाजूला, मुठीच्या वर, चार बारीक भोकं होती, आणि मुठीच्या खाली दोन खळगे, एका ओळीत, वीतभर अंतरावर. हे अडगळीचं असणार, असं मी धरून चाललो होतो. तेवढ्यात तुझी आई आली. मी खुणेनं विचारलं. ती म्हणाली, नाही रे, हे आमच्या मुलीच्या खोलीचं. इथे कडी होती. ह्यांनी काढून टाकली. पोरगी सारखी कुणाशीतरी फोनवर असायची, दार लावून. कडी गेल्यावर मुठीखाली खुर्ची टेकवून बसायला लागली, त्याचे हे खळगे. पण खुर्चीनं काय होतंय? ह्यांच्या पायातल्या सपाता वाजल्या की फोन बंद.

एवढं बोलून ती भाजी चिरायला गेली. मी तिथेच बसून राहिलो. दीड वर्ष मी तुझे ‘ठेवते’ मोजत आलो होतो. कंटाळलीस म्हणून ठेवतेस, तुला मी नकोय म्हणून ठेवतेस, दुसरं कुणीतरी आहे म्हणून ठेवतेस. माझ्याकडे कारणांची यादीच होती. त्या यादीत सपाता नव्हत्या. मी खळग्यांवरून बोट फिरवलं. खोल होते, बाई. एकदोनदा खुर्ची टेकवून तेवढे पडत नाहीत.

आणि नेमके तेव्हा तुझे बाबा आले. दाराकडे पाहून म्हणाले, ती भोकं बुजवून टाक, खळगेही भर, हाताला काही लागता कामा नये.

"नाही बुजवणार," मी म्हणालो. "ती माझ्यामुळे पडली आहेत."

स्वयंपाकघरातून तुझी आई म्हणाली, "अगंबाई, हा बोलतो."

बाबांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "तो तू? त्याचा आवाज बारीक होता." मी म्हणालो, ओरडताना माझा आवाज बारीकच होतो. आणि मग जे व्हायचं तेच झालं, माझं डोकं फिरलं. दीड वर्ष घासून घासून बसवलेलं सगळं वर आलं. मी म्हणालो की पोटच्या मुलीच्या दाराची कडी काढणाऱ्या माणसानं दुसऱ्यांच्या मापातली खोट काढायला कशाला जावं. आणखीही बोललो, ते लिहीत नाही. माझं संपल्यावर ते म्हणाले, "तू दीड मिनिट तिच्यावर ओरडत होतास. मी घड्याळ बघत होतो. माझी मुलगी दार लावून ज्याच्याशी बोलते तो असा ओरडतो, हे मला त्या दिवशी कळलं. कडी मी त्याच संध्याकाळी काढली."

मी हातातला पॉलिशपेपर दारावर ठेवला.

ते तरातरा आपल्या खोलीत गेले. मीही उठून तरातरा तुझ्या खोलीत आलो. दोघांनीही सवयीनं मागे हात नेला, दार आपटायला. दार कुठाय? चौकटीतून ते मला दिसत होते, त्यांना मी दिसत होतो. ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, मग मीही खिडकीकडे तोंड केलं. मध्ये तुझी आई विळी बाजूला सारून उभी राहिली, एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "आता कुठे जाऊन दार लावून बसताय ते बघतेच मी दोघांचं," असं म्हणाली आणि हसायला लागली. अशी हसली की तिला खाली बसावं लागलं. बऱ्याच वेळानं भिंतीकडूनच आवाज आला, चहा टाकतेस का. तीन कप झाले. कुणी कुणाशी बोललं नाही, पण तिसरा कप माझाच होता.

रात्रभर वाटत होतं, काम गेलं. बुधवारी सकाळी मामाला सगळं सांगितलं. तो एवढंच म्हणाला की नंबर वरच्या कडेवर घालायचे असतात. आठला तुमच्याकडे पोचलो तर तुझे बाबा बूट घालून तयार. म्हणाले, खळगे भर, भोकं राहू देत. जुनी कडी मी भंगारात दिली. चल.

आम्ही दोघं मिळून हार्डवेअरच्या दुकानात गेलो. ते आत शिरताच दुकानदारानं सवयीनं वजनकाटा काउंटरखाली ढकलला. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली त्यांना, तरी. त्यांनी कड्या मागितल्या. एकेक कडी उघडून बघितली, मिटून बघितली, कानाशी धरून ऐकली, टेपनं मोजली. पट्ट्यांच्या वेळी मीटरमागे घासाघीस करणारा माणूस, त्यानं तिथली सगळ्यात जड पितळी कडी उचलली आणि किंमत न विचारता बांधायला सांगितली. परत येताना वाटेत एवढंच म्हणाले की ती पाचवीत असताना तिनंच हट्ट करून कडी लावून घेतली होती. मी त्यावर काही बोललो नाही. पण या वेळी ते गप्प राहणं आवाज लपवायला नव्हतं.

काल दारं चौकटीत बसवली. बसली सगळी, अगदी न्हाणीघराचंसुद्धा, थोडं खालून रंधल्यावर. मग कडी लावायला घेतली. नव्या कडीची भोकं जुन्यांशी जुळेनात, अर्ध्या बोटाचा फरक. अशा वेळी जुन्या भोकात आगकाडीचे तुकडे गमात बुडवून ठोकतात, वर लांबी भरतात आणि शेजारी नवीन भोक पाडतात. मी ते करत होतो आणि तुझे बाबा शेजारी उभे राहून एकेक स्क्रू माझ्या हातात देत होते. हे बुजवू नकोस, असं त्यांनी परवा सांगितलं आणि काल बुजवायला त्यांनीच काड्या मोडून दिल्या, यावरून तुझ्या आईनं त्यांना चिडवलं. ते चिडले नाहीत.

सगळं झाल्यावर म्हणाले, बघू. आत गेले, दार लावलं आणि कडी घातली. आम्ही दोघं बाहेर. आई म्हणाली, लागली का हो? आतून काही आवाज नाही. आईनं माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. तिनं पुन्हा विचारलं नाही आणि मीही दारावर टकटक केलं नाही. किती वेळ गेला ते माहीत नाही, चहा निवण्याइतका तरी गेला असेल. मग कडी सरकल्याचा आवाज आला आणि ते बाहेर आले. चष्मा हातात होता. म्हणाले, जरा जड जाते, तिला दोन्ही हात लावावे लागतील, मेण लाव. मी मेणबत्ती घासली. आता एका बोटानं सरकते. आज सकाळी त्यांना बाहेरच्या अंगाला रंगाचा एक ओघळ सापडला, टेप न लावता. म्हणून हा शेवटचा हात आणि म्हणून हे आठ कागद.

आता हे का लिहिलं ते सांगतो. उद्या तू आठ महिन्यांनी घरी येशील. तुझ्या बाबांनी आज आम्हा दोघांना ताकीद दिली आहे की तिला काही सांगायचं नाही, विचारलंच तर कडी मिस्त्रीनं रंगाबरोबर लावली म्हणायचं. आई ऐकेल त्यांचं, आणि तू तसंच समजशील. मी मान हलवली खरी, पण तोंडानं हो म्हणालो नाही, आणि मुक्याच्या मान हलवण्याला काही अर्थ नसतो. ती कडी मिस्त्रीनं लावलेली नाही. ती तुझ्या बाबांनी निवडली, त्यांनी आणली, आणि आत उभं राहून आधी स्वतः लावून बघितली. ते तुझ्यासमोर हे कधीही बोलणार नाहीत, म्हणून मी बोललो. आणि माझ्याकडून, त्या दीड मिनिटाबद्दल मला माफ कर. कडी त्यांनी काढली, पण स्क्रू मी सैल केले होते. माझं तुझ्यावर प्रेम आहे. ते आहे तिथे आहे, त्याचं तू काही करावंस असं नाही. दार कुठे घासलं तर मामाच्या दुकानाचा नंबर आईकडे आहे. काही निरोप आला नाही तर दार नीट बसलंय असं समजेन आणि मला बरंच वाटेल. बोट लावून बघितलं, रंग सुकलाय. कागद तुझ्या टेबलाच्या खणात घालतो. बाहेर पडतो आणि दार ओढून घेतो. कडी आतून आहे, ती लावायची की नाही ते तू बघ.

तुझाच,
भडक्या